आचरणाच्या फॉर्मात एक रकाना राहिला: आमच्या मंडळीच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सभासद आणि इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील बंधुभगिनींनो,

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर दाराशी जो पिवळा फॉर्म वाटला, तो घरी आणून मी चष्मा पुसून नीट वाचला. वर छापले आहे, ‘ख्रिस्ती आचरण: वार्षिक प्रतिज्ञापत्र’. खाली चौदा प्रश्न. उपासनेला नियमित येता का, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देता का, घरी कौटुंबिक प्रार्थना होते का, रोज शास्त्र वाचता का, दारू-तंबाखूपासून दूर आहात का, मुले संडे स्कूलला जातात का, वर्षभरात किती जणांना साक्ष दिली, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगितले, वगैरे. दहाच्या वर ‘होय’ असतील त्यालाच यंदा कमिटीच्या निवडणुकीला उभे राहता येईल, असे तळाशी बारीक अक्षरात आहे.

माझी सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. रकाने दिसले की हात शिवशिवतात. या वर्षाचा फॉर्म भरला, बारा ‘होय’ आले. मग सहज, एका कोऱ्या कागदावर, २०२३ सालचा भरून पाहिला. त्या वर्षी मी मंडळीचा खजिनदार होतो. एक रविवार चुकला नव्हता, दशमांश एक तारखेला, तंबाखू तर नोकरीत असतानाच सुटलेली. चौदापैकी चौदा.

त्याच वर्षी मी एका हातावर पोट असलेल्या माणसाचे पैसे महिनाभर अडकवून ठेवले होते. ते तुमच्या फॉर्मात कुठेच बसत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

झाले असे. नाताळाआधी चर्चला रंग द्यायचे ठरले. बाणगंगेकडचा एक पेंटर आला, बरोबर भाचा. माल आणि मजुरी दोन्ही त्याच्याकडे, निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे काम संपल्यावर. दहा डिसेंबरला त्याने शिड्या उतरवल्या. बाकी निघाली ११,४०० रुपये. इतक्यात कमिटीतल्या एका गृहस्थांना वाटले की वेदीमागच्या भिंतीला दोन हात ठरले होते आणि दिसतोय एकच. पेंटर म्हणाला, दोन मारलेत, ओल आहे म्हणून दबलाय. (ओल होती. पावसाळ्यात तीच भिंत पुन्हा फुगली, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.) विषय ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ असा ठरला. पुढची मीटिंग म्हणजे नाताळानंतर. पैसे बँकेत पडून होते. दोन सह्या लागतात, त्यातली एक माझी. पण मी त्या दिवसांत केकची ऑर्डर, स्टेजचे भाडे, वाद्यवृंदाचा मांडव यात बुडालेला. तो दोनदा आला, दोनदा मी ‘बघतो’ म्हणालो.

२४ डिसेंबर, रविवार. अर्पणाच्या थैल्या वेस्ट्रीत (चर्चच्या आतल्या खोलीत) नेऊन मोजायच्या म्हणून मी दोन्ही हातांत धरल्या होत्या, त्या लाल मखमली, लाकडी दांड्यांच्या. फाटकाशी तो सायकल धरून उभा. नखांत अजून रंग होता, आपल्याच भिंतीचा, फिकट बदामी.

‘बाबूजी, आज हो जाएगा क्या?’

मी म्हणालो, ‘आज संडे है, आज हिसाब नहीं होता. कल आना.’

‘कल पक्का?’

‘पक्का.’

आता गंमत पहा. सत्तर वर्षांच्या ख्रिस्ती माणसाला, ज्याच्या डोक्यात महिनाभर नाताळाशिवाय दुसरे काही नव्हते, त्याला त्या घटकेला हे सुचले नाही की उद्या नाताळ आहे.

तो आला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बरोबर साडेदहाला, आपण नवे कपडे घालून आत गात असताना. चौकीदाराने फाटकातच थांबवला. उपासना संपल्यावर महिला मंडळातल्या कोणीतरी, फार मायेने, कागदाच्या डिशमध्ये केकचा तुकडा, दोन करंज्या आणि चिवडा नेऊन दिला. मी हे लांबून पाहिले. त्याने डिशवर दुसरी डिश पालथी घातली, रुमालात बांधली आणि हँडलला अडकवली. मी पुढे गेलो नाही. कोट-टाय घालून पैशांचे काय बोलायचे, असे वाटले. खरे कारण एवढेच.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय माझी शरम पुरती कळणार नाही. २५ डिसेंबर २०२३ हाच तो दिवस, ज्या दिवशी आपल्या इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा चेक दिला गेला. मिल बंद पडली १९९२ साली. ४,८०० कामगारांचे पैसे, आणि त्यांसाठी कोर्टात तीस वर्षांवर लढाई. पुष्कळ कामगार तोवर जिवंतही नव्हते. चहाच्या वेळी आपल्या आवारात हाच विषय निघाला. मी स्वतः म्हणालो, ‘गरिबाच्या घामाचे पैसे असे ठेवायचे म्हणजे पाप आहे हो.’ सगळ्यांनी माना हलवल्या. फाटक तिथून वीस पावलांवर होते.

पैसे दिले ९ जानेवारीला. मीटिंग झाली, चर्चा झाली, पूर्ण रक्कम मंजूर झाली. त्याने नोटा मोजल्या, बनियनच्या खिशात ठेवल्या आणि विचारले, पुढच्या वर्षी काम निघाले तर सांगाल ना? मी मनात म्हटले, चला, मिटले.

मिटले नव्हते. गेल्या दिवाळीआधी तोच पेंटर माझ्या घरी रंगाला आला. दुपारी चहा घेताना बोलता बोलता त्याच्या तोंडून निघाले, तक्रार म्हणून नव्हे. चर्चच्या कामाचा प्राइमर आणि डिस्टेंपर त्याने हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर उचलला होता, पंधरा डिसेंबरचा वायदा करून. वायदा टळला. दुकानदाराने वर सहाशे रुपये लावले, ते ठीक. पण नवा माल देणे बंद केले. हातातले एक लग्नघराचे काम त्याला सोडावे लागले आणि जानेवारीचा पहिला आठवडा तो दुसऱ्या ठेकेदाराकडे दिहाडीवर गेला. माझ्या ‘कल आना’ची ही किंमत, आणि ती आमच्या कोणत्याच वहीत चढली नाही. ऑडिटवाल्या माणसाला यापेक्षा मोठी चपराक नाही.

मी ते सहाशे दिले. बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेले चौपट परत द्यायचे कबूल केले होते, मी एकपटच दिले. गेलेल्या कामाचे तर दिलेच नाहीत. माझी तेवढी तयारी झाली नाही, हे लिहून ठेवतो.

तेव्हापासून मी शास्त्र हिशेबाच्या नजरेने वाचायला लागलो. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन आपण संडे स्कूलच्या पोरांकडून घोकून घेतो. ते मूळचे जुन्या करारातले, लेवीय १९:१८. त्याच अध्यायात वर जा. पाचच ओळी आधी, तेराव्या ओळीत, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्यापाशी ठेवायची नाही असे आहे. खाली या, पस्तीस-छत्तीसला तराजू, वजने आणि मापे खरी ठेवायची आज्ञा आहे. म्हणजे शेजाऱ्यावरची प्रीती हे वचन मजुरी आणि तराजूच्या मध्ये लिहिलेले आहे. आपण ते तिथून उचकटून काढले, चौकटीत बसवले आणि भिंतीवर टांगले. आता वाटते, अध्याय सबंध टांगायला हवा होता.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. पैसे ओरडतात! आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. माझ्या तर दोन्ही हातांत दानाच्या थैल्या होत्या आणि भाऊ समोर सायकल धरून उभा होता. आठवण्याचीही गरज नव्हती.

आता तुमच्या फॉर्मातला पहिला प्रश्न घेतो: ‘प्रभूचा दिवस पाळता का?’ दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत विसावा फक्त आपल्यासाठी नाही. त्यात दास आहे, दासी आहे, घरचे जनावर आहे, वेशीच्या आत राहणारा परका आहे. आपण रविवारी इस्त्रीचे कपडे घालून इथे येतो, तेव्हा घरी सकाळची भांडी कोण घासत असते? आपल्या मंडळीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईला रविवार भरपगारी सुट्टी, गेली कित्येक वर्षे. ती बाई आपल्या गावी अकरा दिवस गेली, पगार कापला नाही. मी विचारले तर म्हणाल्या, ‘अहो, मला हॉस्पिटलात अर्जित रजा मिळत होती, तिला कोण देणार?’ बस. ना वचन, ना प्रार्थना. या बाईंना तुमच्या फॉर्मात सात ‘होय’सुद्धा मिळणार नाहीत. गुडघे गेलेत, उपासनेला महिन्यातून एकदा येतात, आणि साक्ष देणे त्यांच्या स्वभावात नाही.

भंवरकुआंकडे ज्यांनी कोचिंगच्या पोरांना खोल्या दिल्या आहेत, त्यांनी डिपॉझिटचा विचार आपापला करावा. मी तिथे जात नाही, कारण मग पत्र वीस पानांचे होईल.

‘साक्ष’ हा शब्द निघालाच आहे म्हणून सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल लिहितो. त्या कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट. पण हौसेने वा आदराने, आपल्यातले बरेच जण ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याच्या सोहळ्याला गेले होते, कारण तो आपल्या इंदुरातच झाला. केरळच्या या सिस्टर देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी तिथून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारले. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि सुटल्यावर तो त्यांच्या कुटुंबाचाच होऊन गेला. राखीची ही गोष्ट आपल्या वेदीवरून मी निदान पाच वेळा ऐकली आहे, दर वेळी डोळे भरून येतात.

पण त्यांना मारले का, हे एकाही उपदेशात ऐकले नाही. त्या भूमिहीन मजुरांना त्यांच्या हक्काचे पैसे समजावून सांगत होत्या, सावकाराच्या दारी जाण्याऐवजी बँकेतून कर्ज कसे घ्यायचे, बचत कशी करायची, हे शिकवत होत्या. ज्यांची सावकारी त्यामुळे बसायला लागली, त्यांना ते खुपले. गोष्टीचा क्षमेचा भाग आपल्याला आवडतो. क्षमा त्यांच्या बहिणीने केलेली असते, आपण फक्त ऐकायची असते. मजुरीचा भाग ऐकला की माझ्यासारख्याला फाटकाशी उभा असलेला माणूस दिसायला लागतो. पाळकसाहेब, रागावू नका, पण येत्या फेब्रुवारीत एकदा तो अर्धा भाग सांगून पहा.

कमिटीतल्या काही मंडळींशी मी हे बोललो आहे, त्यामुळे उत्तरे काय येतील ते ठाऊक आहे.

एक म्हणाले, ‘तारण कृपेने आहे, विश्वासाने आहे, कर्मांनी नाही. तुम्ही आम्हाला नियमशास्त्रात परत नेताय.’ मान्य, इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवी-नववी ओळ. दहावीही वाचा, सत्कृत्यांसाठी निर्माण केले, असे तिथेच आहे. आणि कर्मांवर भरवसा नसेल, तर हा चौदा प्रश्नांचा फॉर्म तरी कशाचा आहे?

दुसरे म्हणाले, ‘कमिटीने लोकांच्या घरात डोकावायचे का? कामवालीला किती देतो, हा ज्याचा त्याचा खासगी मामला.’ अहो, माझ्या कपाटात बाटली आहे का, हे तुम्ही विचारताच की. आमच्या इंदुरात तर महापालिका माझ्या कचऱ्याच्या डब्यातसुद्धा डोकावते. आठवा, सुरुवातीला केवढी कुरकुर होती! ओला वेगळा, सुका वेगळा, गाडीवाला उघडून बघणार, दंड होणार. आज तुमच्या घरातले पाच वर्षांचे पोर केळीची साल सुक्या डब्यात टाकणार नाही. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले ते कोणाच्या भाषणाने नव्हे. गाडी रोज सकाळी दाराशी आली, आणि शेजारचा करतो म्हणून आपणही करायला लागलो. चांगले वागणे हे बरेचसे असेच अंगवळणी पडते. मंडळीने ते करून घेण्यात मला काही गैर दिसत नाही. उलट मंडळी असते ती कशासाठी?

तिसरे, आणि हे मला सर्वांत जास्त लागले: ‘हे असे उघड्यावर लिहू नका. आपण मूठभर, दिवस हे असे. बाहेरच्यांना कळले तर काय म्हणतील?’ बाहेरच्यांना कळायचे काय बाकी आहे? पेंटरला ठाऊक होते. त्याच्या भाच्याला, बायकोला ठाऊक होते. हार्डवेअरवाल्याला ठाऊक होते, त्याने तर वहीत ‘चर्चवाले’ म्हणूनच लिहिले होते. ज्या लग्नघरचे काम बुडाले, त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आपल्याला, आत गाणी म्हणत बसलेल्यांना.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. फॉर्म रद्द करा असे मी म्हणत नाही. छापायला पैसे गेलेत आणि पिवळा कागद चांगला आहे. पंधरावा प्रश्न हाताने लिहून वाढवा: ‘आज तुमच्याकडे कोणाची मजुरी, पगार, डिपॉझिट किंवा उधारी वायद्यापलीकडे थकली आहे का? असल्यास कोणाची, किती?’ आणि या एका प्रश्नाचे उत्तर कमिटीला दाखवायचे नाही, घरीच ठेवायचे. नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रभुभोजनापूर्वी दोन मिनिटे थांबावे, आणि ज्याला उठून जायचे असेल त्याला जाऊ द्यावे. त्याचे प्रभुभोजन पुढच्या रविवारी होईल. मागच्या बाकावरून कोण उठले हे वळून बघायचे नाही, एवढी शिस्त आपल्याला जमेल.

आणि मंडळीचे स्वतःचे देणे. चौकीदार, झाडूवाली बाई, साउंडवाला, मांडववाला, रंगारी: काम झाल्यापासून तीन दिवसांत पैसे, रविवार असला तरी. भांडण असेल तर भांडणाची रक्कम बाजूला काढून बाकीची द्यावी. माझ्या वेळी भांडण एका भिंतीचे होते, आणि आम्ही चारही भिंतींचे पैसे धरून ठेवले. हे वार्षिक सभेत ठराव म्हणून घ्यावे. मी मांडतो, कोणी अनुमोदन द्यावे.

माझा भरलेला फॉर्म या पत्रासोबत परत करतो आहे. निवडणुकीला मला उभे राहायचे नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझे पंधरावे उत्तर लिहिले आहे, तेवढे मात्र वाचले तरी चालेल: दूधवाल्याचे ८४० रुपये, इस्त्रीवाल्याचे १६०, आणि आमच्याकडच्या बाईचे चार रविवार.

जाता जाता, ऑफिसचे एक काम. खजिनदार बदलून दीड वर्ष झाले तरी बँकेत अजून माझीच सही चालते आहे, नव्यांची कागदपत्रे अडकली आहेत. वेदीमागच्या भिंतीचे काम यंदा पुन्हा निघणार असे ऐकतो. त्याच पेंटरला बोलवावे, आधी ओलीचा बंदोबस्त करावा, आणि प्राइमरचे पैसे त्याला आगाऊ द्यावेत. मी येत्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात चर्चच्या ऑफिसात बसतो आहे. चेकबुक काढून ठेवा.

प्रभूच्या सेवेत आपला,
मंडळीचा एक माजी खजिनदार
इंदूर